अंबाबाईचे देऊळ महाद्वारापाशी संपत नाही

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर
मा. अध्यक्ष व सदस्य, पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समिती
मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका

विषय: श्री अंबाबाई मंदिराच्या विकास आराखड्यात किरणोत्सव मार्गाला कायमचे संरक्षण देण्याबाबत

महोदय,

मे २०२५ मध्ये चौंडीला झालेल्या मंत्रिमंडळ बैठकीत अंबाबाई मंदिराच्या विकास आराखड्यासाठी १,४४५ कोटी रुपयांना मंजुरी मिळाली. कोल्हापूरकराला याचा आनंद होणारच. गर्दीच्या दिवसांत दर्शनरांगेत ताटकळणारी म्हातारी माणसे, परगावच्या भाविकांची होणारी पायपीट, गाडी लावायला जागा शोधत पेठेतून घातलेल्या घिरट्या हे सगळे आम्ही रोज पाहतो. त्यासाठी पैसा येत असेल तर तो यावाच. पण पार्किंग, दर्शनमंडप, भक्तनिवास, रस्तारुंदीकरण या सगळ्याच्या आधी नकाशावर एक रेघ पडायला हवी, आणि ती कुठून कुठे जायला हवी हे सांगण्यासाठी मी हे पत्र उघडपणे लिहितो आहे. मी शाळेत भूगोल शिकवतो, महाद्वार रोडच्या परिसरात वाढलो आहे, आणि या देवळावर माझे प्रेम आहे. पत्र लिहायला मला एवढा अधिकार पुरेसा वाटतो.

ही रेघ देवीच्या चरणांपासून निघते. चांदीचा उंबरा, पितळी उंबरा, कासव चौक, गणपती चौक, गरुड मंडप असे टप्पे घेत ती महाद्वारातून बाहेर पडते आणि पश्चिमेच्या क्षितिजापर्यंत जाते. दर वर्षी ९, १० आणि ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला मावळता सूर्य या रेघेवर येतो आणि त्याची किरणे गाभाऱ्यात पोहोचतात. हाच किरणोत्सव. अलीकडे आपण हा सोहळा पाच-पाच दिवसांचा धरतो. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख, असा त्याचा क्रम आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

देवळाची मांडणी या रेघेशिवाय समजत नाही. आपल्याकडची बहुतेक जुनी देवळे पूर्वाभिमुख असतात, अंबाबाई मात्र पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे. चारही दिशांना दरवाजे आहेत, उत्तरेच्या घाटी दरवाजाने रोज शेकडो माणसे ये-जा करतात, तरी मुख्य दार पश्चिमेचे, नगारखान्याखालचे महाद्वार. तिथून आत आलात की समोर गरुड मंडप, मग दगडी मंडप, मग आत आत उतरत जाणारा अंधार. देवीच्या समोर उभे राहिले की डाव्या हाताला, म्हणजे उत्तरेला, महाकाली आणि उजव्या हाताला महासरस्वती. देवीच्या डोक्यावरच्या मजल्यावर मातुलिंग, त्याच्यासमोर नंदी. प्राकारात नवग्रह आहेत, शेषशायी आहे, बाहेरच्या भिंतींवर काळ्या दगडातली ताऱ्यासारखी कोनेदार घडण आहे. एवढ्या सगळ्या पसाऱ्यात दारामागे दार, उंबऱ्यामागे उंबरा असा एक सरळ बोगदा मोकळा ठेवलेला आहे. गरुड मंडप एकोणिसाव्या शतकातला, शिखरेही नंतरची. शतकानुशतके भर पडत गेली, पण भर घालणाऱ्यांनी तो बोगदा बुजवला नाही.

आता थोडा भूगोल सांगतो, कारण या विषयात श्रद्धेने बोलणारे पुष्कळ आहेत आणि मोजून बोलणारे थोडे. कोल्हापूरचे अक्षांश सुमारे १६.७ अंश उत्तर. १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी या दोन्ही दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला जवळजवळ सारख्याच अंतरावर, सुमारे १७ अंशांवर असतो. त्यामुळे कोल्हापुरात तो या दोन्ही दिवशी नेमक्या पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो. मधल्या काळात, २१-२२ डिसेंबरच्या सुमारास, तो साडेचोवीस अंशांपर्यंत दक्षिणेला जातो आणि त्याच वाटेने परत येतो. १० नोव्हेंबरपासून २१ डिसेंबर ४१ दिवस, तिथून १ फेब्रुवारी ४२ दिवस. जातानाची सलामी आणि येतानाची सलामी. म्हणून वर्षात किरणोत्सव दोनदा येतो आणि म्हणूनच तो तिथीवर येत नाही, तारखेवर येतो. या दिवसांत सूर्याची मावळण्याची जागा रोज साधारण त्याच्या अर्ध्या बिंबाएवढी सरकते. म्हणजे चार-पाच दिवस उलटले की तो रेघेवरून गेला. इतक्या बारकाईने हे दार लावलेले आहे.

संध्याकाळी आत उभे राहून पाहिले तर हेच डोळ्यांसमोर घडते. दिवे बंद केलेले असतात. सूर्य वर असतो तोवर महाद्वारातून आलेले ऊन अलीकडेच जमिनीवर पडते. तो जसा खाली उतरतो तसे किरण आडवे होत जातात आणि आत शिरतात. गणपती चौकातल्या फरशीवर आधी एक पिवळट पट्टा दिसतो. तो कासव चौकात येतो तेव्हा त्याच्या कडा नारिंगी झालेल्या असतात. पितळी उंबऱ्याला तो लागला की पितळ क्षणभर पेटल्यासारखे दिसते आणि त्याची झळाळी छताच्या दगडावर उमटते. मग पायरी, मग कटांजन म्हणजे देवीसमोरचा कठडा, मग चरण. नोव्हेंबरात पावणेसहाच्या आसपास, फेब्रुवारीच्या सुरुवातीला सव्वासहाच्या आसपास. आणि एवढे पोहोचल्यावरही ते थांबत नाही, कारण मावळता सूर्य खाली जाताना थोडा उत्तरेकडे सरकतो, म्हणून प्रकाश देवीच्या डाव्या अंगाकडे सरकत जातो आणि विरतो. आरती सुरू होते. सगळा खेळ शेवटच्या काही मिनिटांचा.

या काही मिनिटांचे काय होते ते आपल्याला माहीत आहे. वर्तमानपत्रांत दर वर्षी येते: किरणे कमरेपर्यंतच, किरणे गुडघ्यापर्यंतच, ढगांमुळे किरणोत्सव नाही, अडथळ्यांमुळे अपूर्ण. ढगांना इलाज नाही. परतीचा पाऊस नोव्हेंबरात रेंगाळला, हवेत बाष्प राहिले तर आपण काही करू शकत नाही. त्या वेळी सूर्य क्षितिजाच्या इतका जवळ असतो की डोक्यावरच्या उन्हाच्या मानाने त्याचा प्रकाश १५ पटींहून जास्त हवा चिरून येतो. त्या हवेत धूळ, वाहनांचा धूर, हंगाम सुरू झाल्यावर पेटवलेल्या पाचटाचा धूर असला की गाभाऱ्यापर्यंत येईतो तो फिका पडतो. यावर काम करता येईल, पण ते साऱ्या जिल्ह्याचे काम आहे. अडथळ्यांचे मात्र तसे नाही. ते विटा-सिमेंटचे आहेत, पत्र्याचे आहेत, आणि परवानगीने किंवा परवानगीशिवाय उभे राहिलेले आहेत.

एक साधे गणित मांडतो. महाद्वारापासून ३०० फुटांवर एखाद्या इमारतीच्या गच्चीवर पाच फूट उंचीची पाण्याची टाकी आहे असे समजा. ती साधारण एक अंश आकाश झाकते. त्या वेळी सूर्याला एक अंश खाली उतरायला साडेचार मिनिटांच्या आसपास लागतात. म्हणजे ती एक टाकी साडेचार मिनिटांचा प्रकाश खाते. ज्या सोहळ्यात चरणांपासून मुखापर्यंतचा प्रवास अवघ्या काही मिनिटांत होतो, तिथे साडेचार मिनिटे म्हणजे जवळजवळ सगळेच. टाकी कुणी देवीवर राग धरून ठेवलेली नसते. घरात पाणी लागते, नळाला दाब नसतो, म्हणून ती गच्चीवर जाते. त्या गच्चीच्या खालच्या घरात राहणाऱ्याला कुणी कधी सांगितलेलेच नसते की तुझी गच्ची एका प्राचीन देवळाचा भाग आहे.

किरणोत्सव जवळ आला की पाहणी होते, पत्रे, फलक, अँटेना, फांद्या उतरवल्या जातात, कर्मचारी मनापासून राबतात. त्यांच्या कष्टांबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण दोन आठवड्यांसाठी फलक उतरवणे हा संरक्षणाचा मार्ग असू शकत नाही. काँक्रीटचा वाढीव मजला दोन आठवड्यांसाठी उतरवता येत नाही.

बैठकांमध्ये आणि पारावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, त्याचे उत्तर इथेच देतो. "पृथ्वीचा अक्ष सरकला, सूर्याची वाट बदलली, म्हणून आता किरणे पोहोचत नाहीत." अक्षाचा कल बदलतो हे खरे, पण हजार वर्षांत तो फरक एक अष्टमांश अंशाच्या आसपास भरतो, म्हणजे सूर्यबिंबाच्या रुंदीच्या चौथ्या हिश्श्याएवढा. त्याने किरणोत्सवाची तारीख एखाद्या दिवसाने हलू शकेल. गुडघ्यापर्यंत आलेली किरणे तिथेच थांबली त्याचा दोष त्यावर टाकता येत नाही. संक्रांत हळूहळू पुढे सरकते, ती नक्षत्रांवरून मोजतात म्हणून. किरणोत्सव सूर्याच्या उत्तर-दक्षिण प्रवासाशी बांधलेला आहे, आणि आपले रोजचे कॅलेंडर त्या प्रवासाशी जुळवून ठेवलेले आहे. सूर्य वेळेवर येतो. अडथळा जमिनीवर आहे.

मग संरक्षण कसे द्यायचे? केंद्र संरक्षित स्मारकांसाठी कायद्याने १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे आणखी २०० मीटरपर्यंत नियंत्रण आहे. ही वर्तुळाची पद्धत अंबाबाईला लावली तर दोन्हीकडून अन्याय होईल. पूर्वेला, उत्तरेला, दक्षिणेला जी घरे आहेत त्यांचा किरणांशी काहीच संबंध नाही, त्यांना या कारणासाठी अडवण्यात अर्थ नाही. उलट पश्चिमेला ५०० मीटरवर, वर्तुळाच्या पार बाहेर, उभी राहिलेली एक उंच इमारत सगळ्यावर पडदा टाकू शकते. या देवळाला एक चिंचोळी, लांब पट्टी हवी आहे. पाच दिवसांतली सूर्याची हालचाल, त्याच्या बिंबाची रुंदी आणि शेवटच्या अर्ध्या तासातले त्याचे तिरके उतरणे एकत्र धरले तरी ही पट्टी चार अंशांच्या आत बसेल. चार अंश म्हणजे ५०० मीटरवर फक्त ३५ मीटर रुंदी. म्हणजे पेठेतली अगदी मोजकी घरे. उंचीचेही तसेच. शेवटच्या टप्प्यात सूर्य क्षितिजाच्या वर अडीच अंशांच्या आसपास असतो असे धरले, तर देवीच्या चरणांच्या पातळीपासून मोजून १०० मीटरवर सव्वाचार-साडेचार मीटर, ५०० मीटरवर २२ मीटर, एक किलोमीटरवर ४४ मीटर उंचीपर्यंत बांधकाम चालते. जवळ कडक, लांब सैल. विमानतळाच्या आसपास उंचीचे निर्बंध असेच अंतराप्रमाणे ठरतात आणि बांधकाम परवाना देताना ते तपासले जातात. तिथे कुणी भावनेचा मुद्दा काढत नाही, नकाशा पाहतात आणि आकडा सांगतात. अंबाबाईसाठी असा नकाशा का असू नये?

माझे आकडे कागदावरचे आहेत, ते अंतिम मानू नयेत. पण ते मोजणे अजिबात अवघड नाही. चांगल्या सर्वेक्षकाला टोटल स्टेशन (कोन आणि अंतर मोजणारे उपकरण) घेऊन देवीच्या चरणांपासून महाद्वारापर्यंतच्या प्रत्येक उंबऱ्याची, चौकटीची आणि छताची पातळी घेता येते. तिथून पुढे पश्चिमेकडच्या प्रत्येक गच्चीची, टाकीची, झाडाच्या शेंड्याची उंची घेता येते. कोल्हापुरात विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, किरणांचा अभ्यास करणारे प्राध्यापक आणि विद्यार्थी किरणोत्सवात उपकरणे घेऊन उभे असतात. त्यांच्याकडच्या नोंदी एकत्र करा. या सगळ्याला १,४४५ कोटींतला किती हिस्सा लागेल? नगण्य.

मोजणी झाली की पट्टी विकास योजनेत आणा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली जी विकास योजना होते, तिच्या नकाशावर ही पट्टी आणि तिच्यातल्या प्रत्येक भागाची कमाल उंची छापली गेली पाहिजे, म्हणजे उद्या जागा कुणीही विकत घेतली तरी त्याला ते आधीच कळेल. सध्या जी घरे या पट्टीत उंच झाली आहेत, त्यांच्या मालकांना चोर ठरवू नका. रीतसर परवानगी घेऊन बांधलेल्या मजल्याचा मोबदला द्या, टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) द्या, पाण्याची टाकी खाली घ्यायची असेल तर दाब वाढवून नळाला पाणी द्या. कोल्हापूरचा माणूस देवीसाठी पायरीवर डोके टेकतो, पण पोटावर पाय आणलेला त्याला चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. मोढेऱ्याच्या सूर्यमंदिरासमोर मोकळे आवार आहे, तिथे हा प्रश्नच येत नाही. आपले देऊळ भर वस्तीत आहे. भोवती पेठा आहेत, फुलवाल्या आहेत, कापडाची दुकाने आहेत, शाळा आहेत. वस्ती हलवून देऊळ एकटे पाडायची वेळ कधी येऊ नये.

महाद्वाराच्या आतही तितकेच लक्ष हवे. गरुड मंडपाचे लाकडी खांब कुजल्यामुळे त्याच्या नव्या उभारणीचे काम हाती घेतले गेले आहे. खांब मुळाबरहुकूम घडवले जातील, नक्षी तशीच उमटेल, याची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. माझी विनंती त्याहून रुक्ष आहे. खांबाची जागा बोटभर सरकली, जोत्यावर फरशीचा एक थर चढला, कमानीची खालची कड दोन इंच खाली आली, तर नक्षी कितीही सुंदर असली तरी प्रकाशाचा बोगदा अरुंद होतो. म्हणून जुन्या पातळ्या आणि नव्या पातळ्या शेजारी शेजारी लिहिलेले एक पत्रक देवस्थान समितीने जाहीर करावे. आवारातल्या दर्शनरांगेचे लोखंडी कठडे, पत्र्याच्या छपऱ्या, चप्पल स्टँड, मोठे पडदे, सुरक्षेचे खांब यांच्या जागा ठरवतानाही आधी रेघ पाहावी. गणपती चौकापासून गाभाऱ्यापर्यंतच्या कुठल्याही उंबऱ्यावर नवे पत्रे किंवा नवे थर चढवण्याआधी त्याचा किरणांवर काय परिणाम होईल हे लेखी नोंदवावे.

एकदा गमावलेली गोष्ट परत मिळवायला काय पडते, हे याच आवाराने आपल्याला दाखवले आहे. मणिकर्णिका कुंड आपण बुजवले, त्यावर बांधकाम केले, आणि मग पुढच्या पिढीला ते उकरून काढावे लागले. कुंड तरी जमिनीखाली शाबूत राहते. बंद झालेल्या आकाशाला उकरून काढता येत नाही, तिथे एकेक मजला पाडावा लागतो, आणि प्रत्येक मजल्यावर कुणाचा तरी संसार असतो.

आपल्याच जिल्ह्यात खिद्रापूरला कोपेश्वराचा स्वर्गमंडप आहे. खांबांच्या वर्तुळावर छप्पर टाकताना मधला गोल मुद्दाम उघडा ठेवला आहे. त्या उघड्या गोलावर उद्या कुणी पत्रा टाकला तर सगळा महाराष्ट्र हळहळेल, कारण तिथे मोकळी जागा हाच मंडपाचा अर्थ आहे हे सगळ्यांना दिसते. अंबाबाईची मोकळी जागा आडवी आहे आणि गावातून जाते, म्हणून ती डोळ्यांत भरत नाही. महाद्वार चौकातून ताराबाई रोडने रंकाळ्याकडे जाणाऱ्या माणसाला आपण अजून देवळाच्याच मांडणीतून चाललो आहोत असे वाटत नाही. तसे वाटावे अशी सोय आराखड्यात करता येईल. रस्त्याच्या फरशीत दगडाची एक पट्टी बसवा, चौकात एक छोटा शिलालेख लावा, आणि शाळांच्या सहली गाभाऱ्याबरोबर तिथेही थांबू द्या. ही माझी हौस समजा, पण खर्च फार नाही.

१७१५ च्या विजयादशमीला देवीची मूर्ती पुन्हा देवळात बसवली गेली. तेव्हापासून कितीतरी राजवटी आल्या आणि गेल्या, संस्थान विलीन झाले, गावाचे शहर झाले. या काळात देवळाभोवती ज्यांनी दोन मजल्यांचे वाडे बांधले त्यांना कुणी सूर्याचे कोष्टक दिले नव्हते, पण साधने तोकडी होती म्हणून घरेही बेताची राहिली आणि किरणांची वाट आपोआप मोकळी राहिली. आता साधने तोकडी नाहीत. त्यामुळे जे आपोआप राखले गेले ते इथून पुढे ठरवूनच राखावे लागेल, आणि ठरवण्याचा अधिकार आपल्या तीन कार्यालयांकडे आहे.

म्हणून माझे मागणे थेट आहे. आराखड्यातल्या कुठल्याही नव्या बांधकामाची निविदा काढण्याआधी किरणोत्सव मार्गाची संपूर्ण मोजणी करावी. तिचा नकाशा मराठीत, अंतर आणि कमाल उंचीच्या आकड्यांसह, महापालिकेच्या फलकावर आणि देवळाच्या महाद्वारात लावावा. त्यावर हरकती मागवून मार्गातल्या रहिवाशांचे म्हणणे समोरासमोर बसून ऐकावे आणि मग ही पट्टी विकास योजनेत घ्यावी. दर्शनमंडप असो की पार्किंगची इमारत, आराखड्यातले स्वतःचे एकही बांधकाम या पट्टीत ठरलेल्या उंचीच्या वर जाणार नाही, याची लेखी हमी आधी शासनाने द्यावी, म्हणजे रहिवाशांकडे तीच मागणी करताना कुणाला मान खाली घालावी लागणार नाही. मोजणीसाठी ९ नोव्हेंबर ते ११ नोव्हेंबर हे दिवस सर्वांत उपयोगाचे आहेत. त्या दिवशी माणसे आणि उपकरणे महाद्वारात लागतील, आणि मदतीला माझ्यासारखे अनेक शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांसह येतील.

आपला,
महाद्वार रोडवर वाढलेला एक भूगोल शिक्षक
कोल्हापूर